पैसा वरून येतो, जोखीम खाली जाते: मुख्य कंत्राटदार आणि पोटकंत्राटदार

मोठ्या इमारतीच्या साईटभोवती पत्र्याचं कुंपण असतं आणि त्यावर एकाच कंपनीचं नाव ठळक अक्षरांत रंगवलेलं असतं. आत शिरलं की चित्र बदलतं. पायलिंग (पायासाठी जमिनीत उतरवलेले खांब) एकाचं, शटरिंग (काँक्रीट ओतायचे साचे) आणि सळई दुसऱ्याची, गिलावा तिसऱ्याचा. प्लंबिंग, वायरिंग, फायर फायटिंग, एसी, वॉटरप्रूफिंग, खिडक्या, रंग, लिफ्ट या प्रत्येकाची टोळी वेगळी. पत्र्यावर जिचं नाव आहे त्या कंपनीची स्वतःची माणसं म्हणजे इंजिनियर, सुपरवायझर, स्टोअर सांभाळणारे, सेफ्टीवाले आणि बिलिंगवाले. थापी किंवा वेल्डिंग रॉड हातात घेणारा माणूस बहुतेक वेळा पोटकंत्राटदाराचा, म्हणजे त्या कंपनीकडून कामाचा एक भाग घेणाऱ्याचा, असतो.

असं का, याचं एक उत्तर सगळे देतात. लिफ्ट बसवणारे कारागीर एका इमारतीला काही महिनेच लागतात, त्यांना वर्षभर पगारावर ठेवणं कुणालाच परवडत नाही. तेच कारागीर दहा इमारती फिरले की त्यांचा हातही बसतो आणि दरही खाली येतो. हे खरंच आहे. दुसरं उत्तर मात्र फारसं बोललं जात नाही. काम वाटलं की जोखीमही वाटली जाते. मजूर मिळाले नाहीत, सिमेंट महागलं, पाऊस लांबला, मापात चूक झाली, तर तो तोटा मुख्य कंत्राटदाराच्या खात्यातून निघून पोटकंत्राटदाराच्या खात्यात जाऊ शकतो. या दोघांमध्ये होणारी बहुतेक भांडणं या दुसऱ्या उत्तरातून निघतात. लोक ती स्वभावाची भांडणं समजतात. माझ्या मते त्यांतली बरीचशी पहिला मजूर साईटवर येण्याआधीच, वर्क ऑर्डरच्या, म्हणजे काम दिल्याच्या, कागदावर ठरून गेलेली असतात.

माणसं तीन, करार दोन

मालक म्हणजे ज्याची इमारत आहे तो, मुख्य कंत्राटदार आणि पोटकंत्राटदार अशी ही साखळी. पहिला करार मालक आणि मुख्य कंत्राटदार यांच्यात. दुसरा मुख्य कंत्राटदार आणि पोटकंत्राटदार यांच्यात. मालक आणि पोटकंत्राटदार यांच्यात करारच नाही, आणि बाकीचं सगळं या रिकाम्या जागेतून सुरू होतं. पोटकंत्राटदार मालकाकडे सरळ पैसे मागू शकत नाही. मालकाच्या इंजिनियरने साईटवर फिरता फिरता ‘ही भिंत जरा सरकवा’ म्हटलं, तरी कराराच्या दृष्टीने तो पोटकंत्राटदाराला आलेला आदेश नसतो.

दुसऱ्या बाजूने पाहिलं तर मुख्य कंत्राटदाराची मान जास्त अडकलेली दिसते. फिडिक ही सल्लागार अभियंत्यांची आंतरराष्ट्रीय संस्था. तिचे नमुना करार जगभर वापरले जातात. तिच्या १९९९ च्या बांधकाम करारात सांगितलं आहे की पोटकंत्राटदाराने केलेली कृती किंवा कसूर ही मुख्य कंत्राटदाराने स्वतःच केली असं धरलं जाईल. म्हणजे वॉटरप्रूफिंगवाल्याने अर्ध्यात काम सोडून पळ काढला, तर मालकापुढे ‘तो पळाला हो’ एवढं सांगून सुटका नाही. नवा माणूस आणा, त्याने मागितलेला चढा दर द्या आणि उशीरही भरून काढा. मुख्य कंत्राटदाराचा नफा शेकडा दोन-चार इतका बारीक असेल, तर असा एकच पोटकंत्राटदार सबंध इमारतीची कमाई खाऊन टाकतो. त्यामुळे त्याचा संशयी स्वभाव समजून घेता येतो. त्या संशयापायी तो कागदावर जे करतो, त्याचं समर्थन दर वेळी करता येत नाही.

कागदावर तो काय करतो? वरच्या करारातल्या सगळ्या अटी जशाच्या तशा खाली ढकलतो. साईटच्या भाषेत याला बॅक-टू-बॅक म्हणतात. ऐकायला न्याय्य वाटतं: मला जे बंधन, तेच तुला. अडचण अशी की पोटकंत्राटदाराला वरचा करार पुष्कळदा दाखवलेलाच नसतो. मालकाच्या गोपनीयतेचं कारण सांगितलं जातं आणि तरीही ‘मुख्य करारातल्या सर्व अटी लागू’ या ओळीखाली त्याची सही घेतली जाते. दुसरी अडचण प्रमाणाची. उशीर झाला तर दर आठवड्याला ठरावीक रक्कम कापायची, हे सबंध इमारतीच्या किमतीवर बेतलेलं असतं. एकूण कामात ज्याचा वाटा शेकडा एक आहे, अशा फायर डोअरवाल्यावर पूर्ण इमारतीचा दंड लादला तर काही आठवड्यांतच त्याचं सगळं बिल संपून वर देणं राहील. असा दंड वसूल होत नाही, फक्त माणूस बुडतो. म्हणून शहाणे पोटकंत्राटदार दराआधी एक गोष्ट ठरवून घेतात: दंड कितीही झाला तरी माझ्या कामाच्या अमुक टक्क्यांपलीकडे जाणार नाही.

माझं काम कुठे संपतं?

आता सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महाग विषय: कामाची हद्द.

स्लॅबमधून पाण्याचा पाइप जाणार आहे. त्यासाठी स्लॅब भरण्याआधी स्लीव्ह, म्हणजे पाइपसाठी भोक राखणारी नळी, बसवायला हवा. तो प्लंबरने द्यायचा की शटरिंगवाल्याने? बसवायचा कुणी? काँक्रीट पडताना तो सरकला तर कोअर कटिंगचा, म्हणजे तयार काँक्रीटला भोक पाडण्याचा, खर्च कुणाचा? पाइप गेल्यावर भोवती फट उरते, ती आग न पसरवणाऱ्या सामानाने भरायची असते. ती कोण भरणार? प्लंबर म्हणतो, माझं काम पाइपपर्यंत. गिलाव्यावाला म्हणतो, माझं काम भिंतीच्या पृष्ठभागापर्यंत. दोघंही आपापल्या वर्क ऑर्डरप्रमाणे बरोबर असतात. फट मात्र तशीच राहते, तिच्यावर फॉल्स सीलिंग चढतं आणि ती दिसेनाशी होते. आग लागली तर धूर नेमका तिथूनच वरच्या मजल्यावर जातो.

असे प्रश्न डझनांनी असतात. परांची कुणाची, सामान वर चढवायला होइस्ट कुणाच्या वेळेला मिळणार, पाणी आणि वीज फुकट की कापून, राडारोडा कोण उचलणार, पूर्ण झालेल्या फरशीवर दुसऱ्याने रंग सांडला तर कोण भरणार. सगळ्यांत कमी दर देणाऱ्याला काम मिळालं असेल, तर त्याने बहुधा यांतलं काहीच धरलेलं नसतं. तो फसवतो असं नाही. टेंडरमध्ये लिहिलं नव्हतं म्हणून त्याने मोजलं नाही, आणि मोजलं असतं तर त्याला काम मिळालं नसतं.

हद्दीचा हा गोंधळ पैशांपुरता राहत नाही. १७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी शहरात हायएट रीजन्सी हॉटेलच्या लॉबीत छताला टांगलेले दोन पादचारी पूल एकावर एक कोसळले आणि ११४ माणसं मेली. मूळ आराखड्यात एकच सलग लोखंडी रॉड छतापासून दोन्ही पुलांमधून खाली जाणार होता. एवढ्या लांब रॉडवर आटे पाडून नट चढवणं किचकट, म्हणून लोखंडकाम करणाऱ्या फॅब्रिकेटरने बदल सुचवला: छतापासून वरच्या पुलापर्यंत एक रॉड आणि वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत दुसरा. दिसायला किरकोळ बदल. पण त्यामुळे खालचा पूल वरच्या पुलाच्या तुळईला लटकला आणि तिथल्या नटाच्या जोडावर दुप्पट भार आला. शॉप ड्रॉइंगवर, म्हणजे भाग बनवण्यासाठीच्या तपशीलवार आराखड्यावर, डिझाइन करणाऱ्या अभियंत्यांच्या मंजुरीचा शिक्का होता. चौकशीत पुढे आलं की त्या जोडाचं गणित कुणीच केलेलं नव्हतं. अभियंत्यांची समजूत, जोड फॅब्रिकेटर डिझाइन करतो. फॅब्रिकेटरची समजूत, तो वरून डिझाइन होऊन आला आहे. मूळ आराखडाही नियमाच्या कसोटीला उतरत नव्हताच. शेवटी मिझुरी राज्याने अभियंत्यांचे परवाने काढून घेतले.

म्हणून शॉप ड्रॉइंग पाठवताना ‘मंजुरीसाठी’ एवढंच लिहून भागत नाही. मूळ आराखड्यात काय बदललं आणि का, हे त्याच ड्रॉइंगवर ढगासारखी रेघ काढून दाखवायचं असतं. आणि त्या बदलाचं गणित कोण तपासणार, त्याचं नाव लिहायचं असतं.

पंचाहत्तर दिवसांची उधारी

पैशांचा हिशेब एकदा आकड्यांत मांडूनच पाहावा.

समजा एक गिलावावाला महिन्याला १०० रुपयांचं काम करतो आणि त्यावर त्याचा खर्च ९२ रुपये आहे. काम १ तारखेला सुरू झालं. महिनाअखेर माप घेतलं, म्हणजे ३० दिवस गेले. मापं तपासून रनिंग बिल, म्हणजे चालू कामाचं बिल, पास व्हायला १५ दिवस. पास झाल्यावर ३० दिवसांनी पैसे. पंचाहत्तराव्या दिवशी पहिला पैसा हातात येतो. तोवर काम थांबलेलं नाही, मजुरी आणि सामान मिळून अडीच महिन्यांचे २३० रुपये त्याच्या खिशातून गेले आहेत. आणि आलेला पैसाही पूर्ण १०० नसतो. रिटेन्शन, म्हणजे राखून ठेवायची रक्कम, म्हणून शेकडा ५ कापले तर हातात ९५. नफा ८ होता, त्यातले ५ अडकले.

यात कुणीही उशीर केलेला नाही, सगळं कराराप्रमाणेच झालं आहे. खरा उशीर झाला तर काय होतं, ते यावरून ताडता येईल. बँकेपेक्षा पोटकंत्राटदारच इमारतीला कर्ज देत असतो, तेही बिनव्याजी, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

रिटेन्शनची कल्पना मुळात वाईट नाही. काम झाल्यावर दोष निघाले तर दुरुस्तीला माणूस परत यावा, म्हणून थोडी रक्कम राखून ठेवतात. साधारण रीत अशी की अर्धी रक्कम काम पूर्ण झाल्यावर आणि अर्धी दोषदायित्वाचा काळ, बहुधा एक वर्ष, संपल्यावर सोडायची. खाच आहे ती ‘पूर्ण’ कधी मानायचं यात. तीन वर्षांच्या प्रकल्पात पायलिंगवाला चौथ्या महिन्यात काम संपवून निघून जातो. त्याच्या रिटेन्शनची सुटका सबंध इमारत पूर्ण होण्याला बांधली असेल तर उरलेल्या अर्ध्यासाठी त्याने ३२ अधिक १२, म्हणजे ४४ महिने थांबायचं. तोवर फाइल सांभाळणारा माणूसही बदललेला असतो. पुष्कळ लहान पोटकंत्राटदार ही रक्कम मनातल्या मनात सोडूनच देतात आणि पुढच्या वेळी दरात चढवतात. मालकाला वाटतं आपण सुरक्षित झालो. प्रत्यक्षात त्याने त्या सुरक्षिततेची किंमत दरात मोजलेली असते.

याहून कडक अट म्हणजे ‘मालकाकडून पैसे आल्यावर देऊ’. हिचे दोन अर्थ होतात आणि दोन्हींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक अर्थ वेळेचा: पैसे येईपर्यंत थांबा, पण आले नाहीत तरी वाजवी काळानंतर देणं माझंच. दुसरा अर्थ अटीचा: आले तरच देऊ, मालक बुडाला तर तुमचेही बुडाले. या दुसऱ्या अर्थाची अट न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आणि कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये अमान्य केली. ब्रिटनमध्ये १९९४ च्या सर मायकेल लॅथम यांच्या अहवालानंतर १९९६ मध्ये कायदा झाला आणि मे १९९८ पासून बांधकाम करारांत अशी अट लावायलाच मनाई झाली. वरचा पैसे देणारा दिवाळखोर झाला असेल एवढाच अपवाद. त्याच कायद्याने तक्रारीचा झटपट मार्गही दिला. वाद झाला तर तटस्थ तज्ज्ञाकडे जायचं, त्याने साधारण २८ दिवसांत निर्णय द्यायचा, तो आधी पाळायचा आणि पटला नाही तर नंतर कोर्टात भांडायचं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साऊथ वेल्सने १९९९ मध्ये आणि सिंगापूरने २००४ मध्ये याच धर्तीचे कायदे केले.

इतर देशांनी करारातली ती रिकामी जागा वेगळ्या तऱ्हेने भरली. अमेरिकेत राजधानी वॉशिंग्टन उभी राहायची होती तेव्हा मेरीलँड राज्याने १७९१ मध्ये बांधकाम करणाऱ्याला त्या इमारतीवरच हक्क सांगू दिला. पैसे मिळाले नाहीत तर हा बोजा मालमत्तेवर चढतो. सरकारी इमारतीवर असा बोजा चढवता येत नाही, म्हणून १९३५ च्या मिलर कायद्याने केंद्र सरकारच्या कामांवर मुख्य कंत्राटदाराकडून पोटकंत्राटदारांच्या देण्याचा हमीरोखा घ्यायला लावला. फ्रान्सने ३१ डिसेंबर १९७५ च्या कायद्याने तर पोटकंत्राटदाराला थेट मालकाकडे पैसे मागायची वाट दिली, मात्र मालकाने त्या पोटकंत्राटदाराला आधी मान्यता दिलेली हवी.

कायदा आहे म्हणून सगळं ठीक, असंही नाही. ब्रिटनची कॅरिलियन ही बडी बांधकाम कंपनी १५ जानेवारी २०१८ रोजी कोसळली तेव्हा सुमारे ३०,००० पुरवठादार, पोटकंत्राटदार आणि इतरांचे मिळून तिने जवळपास २ अब्ज पौंड थकवलेले होते. वेळेवर पैसे देण्याच्या स्वेच्छा संहितेवर तिची सही होती आणि तिची नेहमीची मुदत होती १२० दिवसांची. त्याआधी पैसे हवे असतील तर थोडी रक्कम सोडून द्यायची. ज्या कंपनीची साखळी अशी ताणलेली असते, ती स्वतःच खालच्यांच्या पैशांवर उभी असते. मोठं नाव पाहून मुदतीकडे काणाडोळा करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं. यावर अलीकडे निघालेला एक उपाय मला चांगला वाटतो: प्रकल्पाचं वेगळं विश्वस्त बँक खातं. मालक पैसे त्या खात्यात भरतो आणि तिथून मुख्य कंत्राटदाराला व पोटकंत्राटदारांना एकाच वेळी मिळतात. मधे कुणाच्या हातात ते थांबत नाहीत.

फ्रंट आणि माणसं

साईटवर रोज ऐकू येणारी तक्रार मात्र पैशांची नसते. मुख्य कंत्राटदार म्हणतो, ‘माणसं कमी आहेत.’ पोटकंत्राटदार म्हणतो, ‘फ्रंट कुठे आहे?’ फ्रंट म्हणजे काम सुरू करायला तयार असलेली जागा.

पोटकंत्राटदाराची माणसं एकाच वेळी तीन-चार साईटवर वाटलेली असतात. सोमवारी तिसऱ्या मजल्यावर गिलावा सुरू करा असं सांगितलं म्हणून तो वीस जण आणतो, तर भिंतीत वायरिंगचे पाइप अजून टाकायचेच आहेत. वीस जणांचा दिवस वाया, मजुरी मात्र द्यायची. पुढच्या सोमवारी तो दहाच आणतो, बाकीचे दुसऱ्या साईटवर पाठवतो. नेमका त्या सोमवारी मजला खरंच तयार असतो. मग मुख्य कंत्राटदार चिडतो आणि तिसऱ्या वेळी गरज पंधराची असताना तीस माणसं मागतो, कारण निम्मीच येणार हे त्याने धरलेलं असतं. दोघंही आपल्या बाजूने शहाणपणानेच वागतात आणि दोघांचेही आकडे खोटे होत जातात.

अमेरिकेत ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी १९९० च्या दशकात साईटवर मोजणी केली. आठवड्याच्या आराखड्यात लिहिलेल्या कामांपैकी ठरल्या आठवड्यात पूर्ण होणारी कामं निम्म्याहून थोडीच जास्त निघाली. त्यांनी काढलेली पद्धत बरीच साधी आहे. आठवड्याचा आराखडा ऑफिसातून पाठवायचा नाही. प्रत्येक टोळीचा मुकादम बसवायचा आणि त्याला विचारायचं, या आठवड्यात तू काय देऊ शकतोस? सामान, ड्रॉइंग, आधीचं काम, परांची सगळं तयार असेल तरच ‘हो’ म्हणायचं. ‘नाही’ म्हणायची मुभा हवी, नाहीतर ‘हो’ला काही किंमत राहत नाही. आठवड्याअखेर किती शब्द पाळले गेले ते मोजायचं आणि न पाळलेल्यांची कारणं लिहायची. कारणांच्या यादीत मजुरांचा आळस फारसा सापडत नाही. आधीचं काम अपुरं, सामान आलं नाही, ड्रॉइंग बदललं हेच पुन्हा पुन्हा येतं.

साखळी लांबली की हे सगळं अवघड होतं. पोटकंत्राटदार आपलं काम आणखी खाली देतो, तो त्याच्याखाली, आणि शेवटी हेल्मेट घालून उभा असलेला माणूस नेमका कुणाचा हे साईट इंजिनियरलाही सांगता येत नाही. प्रत्येक पायरीवर कुणीतरी आपला वाटा काढून घेतलेला असतो, त्यामुळे तळाला प्रशिक्षण आणि सुरक्षेसाठी पैसेच उरत नाहीत. स्पेनने २००६ च्या कायद्याने बांधकामात पोटकंत्राटांच्या तीनच पायऱ्यांना परवानगी दिली, ती मुख्यतः अपघातांच्या काळजीपोटी.

तोंडी सांगितलेलं काम

काम संपतं तेव्हा उरतात एक्स्ट्रा आयटम, म्हणजे ठरल्याबाहेरची कामं, आणि डेबिट नोटा, म्हणजे बिलातून रक्कम कापल्याच्या चिठ्ठ्या. साईट इंजिनियर म्हणतो, ‘हा खड्डा भरून टाक, बिलात बघू.’ पोटकंत्राटदार भरतो, कारण नाही म्हटलं तर पुढचं काम अडेल. आठ महिन्यांनी अंतिम बिलात तो आयटम येतो तेव्हा तो इंजिनियर नोकरी सोडून गेलेला असतो आणि खड्डा फरशीखाली असतो. उलट बाजूनेही तसंच. ‘तुमच्या माणसांनी केलेली घाण साफ करायला माझे मजूर लावले’ म्हणून डेबिट नोट येते, पण कोणत्या दिवशी, किती मजूर, किती तास, काहीच नसतं.

फिडिकच्या १९९९ च्या करारात यावर एक युक्ती आहे. अभियंत्याने तोंडी आदेश दिला तर कंत्राटदाराने दोन कामकाजाच्या दिवसांत तो लेखी कळवायचा, ‘तुम्ही असं असं सांगितलं.’ त्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत लेखी नकार किंवा दुसरा आदेश आला नाही, तर तेच पत्र अभियंत्याचा लेखी आदेश मानलं जातं. हे कलम अभियंता आणि मुख्य कंत्राटदार यांच्यातलं आहे, पण हीच अट पोटकंत्राटाच्या कागदात दोन ओळींत घालता येते. मुख्य कंत्राटदाराला तिचा त्रास नाही, कारण नको असलेल्या कामाला नकार द्यायला त्याला दोन दिवस मिळतात. डेबिट नोटेलाही तोच नियम लावावा: काम लावण्याआधी लेखी सूचना, आणि फोटो त्याच दिवशीचा.